सुरभीचा दाखला

"डोळे कुठायत?"

एवढंच विचारलं त्यानं. जोह्यातल्या कमळाकरमामाच्या गणपतीच्या कारखान्यात, दारातच उभा होता तो. अंगावरचा शर्ट पावसानं चिकटलेला, डोक्यावर दुकानाची प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली, आणि चेहरा असा की घरात काहीतरी विपरीत घडलंय.

सुरभीचा ब्रश समोरच्या मूर्तीच्या बुबुळापासून दोन बोटांवर थांबला.

"कोनाचे?" तिनं विचारलं.

"आमच्या बाप्पाचे ओ. रोह्याला घरी नेला, पाटावर ठेवला, आईनं तोंडावरचा रुमाल काढला... आणि आमची आई, जी कधी कोणाला घाबरत नाय, ती मटकन खाली बसली. डोळेच नायत. नुसतं पांढरं."

चवथ चार दिवसांवर आली होती. रंगवणाऱ्या बायका, पाट उचलणारे गडी, सगळे त्या माणसाकडे आणि मग सुरभीकडे बघायला लागले. कारण डोळ्यांची आखणी त्या कारखान्यात एकटी सुरभी करायची. ह्या हंगामात तिनं किती गणपतींना दृष्टी दिली असेल, ते त्या गणपतीलाच ठाऊक. एक चुकला नव्हता. आता असली चूक दुसऱ्या कुठल्या धंद्यात लगेच ध्यानात आली असती, पण गणपती घरी न्यायचा तो तोंडावर रुमाल टाकून. इथून झाकलेला निघाला, पेण गेलं, वडखळ गेलं, नागोठणं गेलं, आणि थेट रोह्यात देवघरासमोर रुमाल निघाला तेव्हा ह्या घोटाळ्याला तोंड फुटलं.

सुरभीनं ब्रश खाली ठेवला. "परवा," ती पुटपुटली, "परवा ती रांग माझ्याकडं होती."

परवा काय झालं होतं, ते मामाला माहीत होतं. परवा तिसऱ्या कॉलेजचं पत्र आलं होतं.

कमळाकरमामा पुढे झाला. "चुकलं आमचं, भाऊ. मूर्ती घेऊन या, पाच मिन्टाचं काम हाय."

"आई म्हणते, बाप्पा उंबऱ्याच्या आत आला की आता विसर्जनालाच बाहेर पडायचा. ज्याचं काम राहिलंय त्यालाच घेऊन ये, म्हणाली."

"त्याला नाय, तिला," मामानं सुरभीकडे बोट केलं. "ही आमची भाची. जा गो सुरभी, पेटी घे."

तेव्हा कुठे त्या माणसानं तिच्याकडे नीट पाहिलं. आणि पाहतच राहिला. गालाला निळा रंग लागलेला, वेणी पदरासारखी खांद्यावरून पुढे घेतलेली, कानात साधे मणी... त्याच्या डोक्यावरच्या पिशवीतून पाणी ओघळून नाकावर आलं तरी त्याला पत्ता नाही. मागच्या बायका फिदीफिदी हसल्या, तेव्हा बिचाऱ्यानं पिशवी काढून हातात घेतली.

"मी हर्षद," तो म्हणाला. कोणी विचारलं नव्हतं.

आता इथेच एक गोष्ट सांगून टाकायला हवी, नाहीतर पुढचं सगळं अर्धवट कळेल. सुरभी जन्मली तेव्हा सुईणीनं मुलगा झाला म्हणून सांगितलं होतं. बापानं, मिठागरावर राबणाऱ्या दिनानाथ मोकलनं, हौसेनं निलेश नाव ठेवलं. सहा-सात वर्षांची झाल्यापासून ती सांगत होती की मी मुलगी आहे. आधी सगळे हसले, मग ओरडले, मग दिनानाथनं हात उचलला. बारावीच्या परीक्षेनंतर ती घरातून निघाली आणि आईच्या भावाकडे, जोह्याला आली. कमळाकरमामा महिनाभर तिला नावानं हाकच मारत नव्हता. मग एक दिवस जेवताना म्हणाला, "गो सुरभी, मीठ दे," आणि तेव्हापासून तेच चालू.

पण जोह्यात मामा होता, कॉलेजात मामा कुठून आणायचा? एका कॉलेजात खिडकीवरच्या माणसानं दाखला वाचला, तिच्याकडे बघितलं आणि आतल्या चौघांना हाका मारून बोलावलं, बघायला. दुसरीकडे साहेब म्हणाले, केस काप, पँट घाल, मग ये. तिसऱ्यांनी पत्र पाठवलं, जागा शिल्लक नाहीत. तिला शिकायचं होतं, आणि सुरभी म्हणूनच शिकायचं होतं. उशिराचे प्रवेश महिनाअखेरीला बंद व्हायचे, आणि बापाचा निरोप येऊन पडला होता: वर्ष फुकट गेलं तर परत ये, केस कापून मिठागरावर उभा राहा. मामा तरी सख्ख्या बापापुढे किती दिवस टिकणार?

मोटरसायकलवर ती मागे एका बाजूला बसली, मांडीवर रंगाची पेटी आणि खांद्याला कापडी पिशवी. त्या पिशवीत दाखला आणि मार्कलिस्ट कायम असायची. दोन महिने ते कागद घेऊन ती इतकी फिरली होती की आता पिशवी घरी ठेवायची सवयच मोडली होती.

"धरून बसा," हर्षद म्हणाला.

"कशाला?"

"खड्डे हायत म्हणून सांगतो. मला काय, पेटी पडली तर बाप्पाच बघणार नाय तुमच्याकडं."

तिनं सीटची कडी धरली. पेणच्या पुढे शेतं हिरवीगार पसरली होती, मध्येच सर यायची, मध्येच ऊन. त्याच्या ओल्या शर्टाला साबणाचा वास होता. असल्या गोष्टी आपल्याला का कळतायत, म्हणून ती स्वतःवरच चिडली.

"एक विचारू?" तो मान न वळवता ओरडला. "दिवसाला एवढे डोळे काढता. झोपेत सगळे बघत नायत तुमच्याकडं?"

"बघतात की. म्हणतात, डावा जरा तिरका झाला."

तो एवढा हसला की गाडी हेलकावली. "आणि मग?"

"मंग काय? सांगते, सोंड मधी हाय, कोनाला कळतंय."

नागोठण्याला अंबा नदीचं पाणी पुलाला टेकायला आलं होतं. स्टँडसमोर त्यानं गाडी थांबवली आणि दोन चहा सांगितले. ती नको म्हणाली, पण तिच्या नको म्हणण्यात दम नव्हता. बाकड्यावर दोघांच्या मध्ये पेटी ठेवली गेली. त्यानं बशीत चहा ओतून आधी तिच्यापुढे सरकवला. कोणी मुलगा आपल्यापुढे असा चहा सरकवेल, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं; ती बशीकडे बघतच बसली.

"निवेल," तो म्हणाला.

"व्हय."

"कॉलेजात असाल ना? कुठल्या?"

झालं. तिनं बशी उचलली. "कुठंच नाय अजून. माझ्या दाखल्यात... घोळ हाय जरा."

"मग योग्य घरी चाललायत," त्यानं बाकड्यावर थाप मारली. "आमची आई. रोह्याच्या कॉलेजात हेडक्लार्क. पंचवीस वर्षं दाखल्यांचे घोळच निस्तरतेय. जन्मतारीख चुकलेली, बापाचं नाव चुकलेलं, गाव चुकलेलं... विमलबाईंच्या हातात कागद गेला की सुटला. आज दाखवा तिला."

बशी कलंडली. सगळा चहा तिच्या ओढणीवर. तो रुमाल शोधत खिसे चाचपत होता आणि ती थिजल्यासारखी बसून राहिली होती. तीन कॉलेजं पालथी घातली, आणि चौथं आपण होऊन चहा पाजायला आलं होतं. पण तिथे कागद दाखवायचा म्हणजे ह्याच्या आईला दाखवायचा. म्हणजे ह्याला कळणार. आणि हे कळल्यावर तिच्याकडे बघणाऱ्या माणसाचे डोळे कसे बदलतात, ते डोळ्यांचंच काम करणाऱ्या सुरभीइतकं कोणाला माहीत असणार?

भिसे खिंड ओलांडेपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. हर्षदला वाटलं, चहा सांडला म्हणून रुसली.

विमलबाईंनी गणपतीसाठी अर्धी रजा टाकली होती. ठेंगणी बाई, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, आवाज खिडकीपलीकडच्या रांगेला ऐकू जाईल असा. "ये गं बाळ. घाबरलीस? मी जास्त घाबरले. रुमाल काढला नि माझी तर वाचाच बसली."

सुरभीनं हात धुतले, मूर्तीला नमस्कार केला आणि पाटासमोर मांडी घातली. हर्षद रंगाची वाटी धरून शेजारी बसला. खरं म्हणजे वाटी जमिनीवर ठेवता आली असती. दोघांच्याही ते लक्षात आलं, दोघंही बोलले नाहीत. आधी बुबुळाचा तपकिरी गोल, मग काळा, मग पापणीची एका श्वासात ओढायची रेघ. ती रेघ ओढताना सुरभी श्वास रोखायची. हर्षदनंही रोखला. शेवटचा पांढरा ठिपका पडला आणि बाप्पा त्यांच्याकडे बघायला लागला, तेव्हा दोघांनी एकदमच श्वास सोडला आणि एकमेकांकडे पाहून हसले.

विमलबाईंनी हात जोडले. डोळे पुसत म्हणाल्या, "काय हात आहे गं तुझा."

"आई, अगो हिचा कॉलेजचा प्रवेश अडलाय," हर्षद उत्साहानं म्हणाला. "दाखल्यात कायतरी घोळ हाय. बघ ना."

"मग आणायचा ना दाखला. आहे?"

पिशवी तिच्या मांडीवर होती. नाही म्हणता आलं असतं. घरी राहिला म्हणायचं, येष्टी धरायची, आणि ह्या मुलाच्या मनात आपण गालाला निळा रंग लागलेली पोरगी म्हणून राहायचं, जन्मभर. फार वाटलं तिला तसं करावंसं. पण मग कॉलेज? दार उघडं ठेवून कोणी पुन्हा उभं राहणार होतं का तिच्यासाठी?

तिनं पिशवीतून कागद काढला. विमलबाईंच्या हातात दिला नाही, स्वतःच्याच हातात धरला.

"काकू, आधी सांगते. दाखल्यावर निलेश नाव हाय. दाखल्यावर मी मुलगा हाय." ती थांबली नाही. "मी मुलगी हाय. लहानपनापासून. बाकी कायपन घोळ नाय. मार्क चांगले हायत."

मूर्तीसमोरची समई तेवढी फडफडत होती.

हर्षदनं रंगाची वाटी खाली ठेवली. फार जपून ठेवली. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो उठला, दोन पावलं मागे सरकला, दाराच्या चौकटीला अडखळला. बाहेर मोटरसायकलला किक बसली, दुसरी, तिसरी, आणि आवाज लांब गेला.

सुरभीनं मान खाली घातली. रडू आलं नाही तिला. हे असंच होणार, हे माहीत असूनही छातीत एवढं का दुखावं, ह्याचंच तिला नवल वाटत होतं.

विमलबाईंनी चष्मा काढला. पदरानं पुसला, डोळ्यांवर चढवला, पुन्हा काढला. "पंचवीस वर्षांत सगळे घोळ पाहिले मी," त्या सावकाश म्हणाल्या. "जिवंत पोराचा मेल्याचा दाखला पाहिलाय. हे नाही पाहिलं."

"जाते मी, काकू."

"बस. अजून किती जणांनी पाहिलाय हा कागद?"

सुरभीनं तिन्ही कॉलेजांचं सांगितलं. चौघांना बोलावून दाखवल्याचंही सांगितलं. विमलबाई ऐकत होत्या आणि त्यांचा चेहरा कडक होत होता.

"खरं सांगू? तू खिडकीवर आली असतीस ना, तर मीसुद्धा काय बोलले असते देव जाणे. मी काही फार मोठी बाई नाही. आत्तासुद्धा मला काही सुचत नाहीये." त्यांनी समईची वात सारखी केली. "पण तू माझ्या घरात बसून बाप्पाचे डोळे काढलेस. आता त्याच्याच समोर तुला जागा नाही म्हणून कुठल्या तोंडानं सांगू?"

सुरभीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

विमलबाईंचा आवाज आता खिडकीवरचा झाला. "ऐक. विद्यापीठाच्या कागदावर दाखल्यावरचंच नाव राहणार. ते माझ्या हातात नाही, उगाच आशा लावत नाही. पण आमच्याकडे वर्गात हजेरी नंबरावर घेतात. नाव कोणी पुकारत नाही. ओळखपत्र मी टाइप करते, त्यावर आद्याक्षरं आणि आडनाव. एन. डी. मोकल. झालं. कपडे तुझे तू घाल. आणि बाथरूम..." त्या थांबल्या, थोड्या लाजल्या. "ऑफिसच्या मागे आम्हा बायकांचं आहे. किल्ली माझ्याकडे असते. एक तुला करून देईन."

आता मात्र सुरभीचा बांध फुटला. अकरावी-बारावीची दोन वर्षं ती सकाळी घरून निघाली की संध्याकाळपर्यंत पाण्याचा थेंब प्यायची नाही. का, ते आजवर कोणी विचारलं नव्हतं. ह्या बाईनं विचारलंही नाही, थेट किल्लीवर आली. ती तोंडावर ओढणी धरून हुंदके देत राहिली आणि विमलबाई तिच्या पाठीवर थोपटायचं की नाही, ह्या विचारात हात हवेत धरून बसल्या. शेवटी थोपटलं.

"सोमवारी अकराला ये. मामाची सही आण. प्राचार्य फक्त सोमवारी आहेत, मग गणपतीची सुट्टी, आणि सुट्टीनंतर मुदत संपली."

"सोमवारी हरतालिका हाय, काकू."

"माहीत आहे. मीपण उपाशीच येणार."

हर्षद परतला नाही. ती येष्टीनं गेली.

हरतालिकेचा दिवस म्हणजे कारखान्यात श्वास घ्यायला फुरसत नसते; संध्याकाळपर्यंत सगळे गणपती निघून जायचे असतात. शनिवार-रविवार सुरभीनं पाठ वर केली नाही, एकूण एक डोळे संपवले. सोमवारी सकाळी रंगाच्या हातानंच मामानं सही केली. कागदावर निळा अंगठा उमटला तो वेगळाच.

"कोन काय बोलला तर?" त्यानं विचारलं.

"ऐकून घेईन."

"ऐकून परत नको येऊस. तितंच बस," मामा म्हणाला आणि घाईघाईनं टेम्पोकडे वळला.

प्राचार्य टक्कल पडलेले, तोंडात सुपारी. त्यांनी दाखला वाचला, विमलबाईंची चिठ्ठी वाचली, आणि दाखला पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला, तोवर सुरभी मनातल्या मनात जुनी उत्तरं ऐकू लागली: केस काप, पँट घाल, जागा नाही.

"बाई, काही झालं तर तुम्ही बघणार?" त्यांनी विमलबाईंना विचारलं.

"बघणार."

"हं." त्यांनी फॉर्म पुढे ओढला. "इतिहास का घेतलास?"

सुरभी चाट पडली. केसांबद्दल, कपड्यांबद्दल, बापाबद्दल, सगळ्याबद्दल काय सांगायचं ते तिनं घोटून ठेवलं होतं. इतिहास का, हे तिला आजवर एकाही माणसानं विचारलं नव्हतं.

"म्हंजी... आमच्याकडं गणपती कधीपासून करतात, त्ये कोनालाच नीट ठाव नाय, सर. ज्याला विचारावं तो येगळंच सांगतो. मना त्ये शोधायचं हाय."

"मलाही माहीत नाही," प्राचार्य म्हणाले. "शोधलंस की मला सांग." आणि त्यांनी सही केली.

एवढंच. दोन महिने जिच्यासाठी जीव टांगणीला लागला होता, ती सही चहा निवायच्या आत होऊन गेली. पावती हातात घेऊन सुरभी कॉलेजच्या पायऱ्यांवर उभी राहिली तेव्हा आनंद व्हायला हवा, एवढं तिला कळत होतं. फाटकाकडे नजर गेली. तिथे कोणी नव्हतं.

"कंपनीत शिफ्ट आहे त्याची," विमलबाई मागून म्हणाल्या. तिनं काही विचारलं नव्हतं. विमलबाईंनीही तिच्याकडे बघितलं नाही.

येष्टीत खिडकीची जागा मिळाली. एक गोष्ट मिळाली, एक गेली. सगळं कोणाला मिळतं, असं ती स्वतःला समजावत होती. पण मनाला काय समजतंय? भिसे खिंडीत पाऊस लागला आणि तिच्या डोळ्यांनाही लागला. शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "उपास बाधला काय गो पोरी?" तिनं मान हलवली.

नागोठण्याला म्हातारी उतरली. गाडी सुटता सुटता एक माणूस धावत आला, कंडक्टरच्या शिव्या खात चढला आणि तिच्या शेजारी येऊन धपकन बसला. भिजून चिंब. साबणाचा वास.

सुरभीनं बघितलं आणि तिचं रडणंच अडकलं.

"तुमची गाडी?" एवढंच निघालं तोंडातून.

"स्टँडवर टाकली. रोह्यापासनं येष्टीच्या मागंच होतो. खिंडीत पुढं निघालो."

"शिफ्ट?"

"दांडी."

गाडी पुलावरून गेली. तो हातातला रुमाल पिळत होता, पिळून झाला तरी पिळतच होता.

"शुक्रवारी मी कोलाडला गेलो," तो म्हणाला. "हायवेवर एका टपरीवर बसलो. चार चहा प्यालो. डोकं काय चालंना. परत आलो तर तू गेलेलीस." तुम्हीचं तू झालं होतं; दोघांनाही ते कळलं. "शनिवारीच जोह्याला यायचं होतं. लाज वाटली."

"कसली लाज? धक्का कोनालापन बसतो."

"धक्का बसला त्याची नाय. पळालो, त्याची."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. मग हळूच विचारलं, "आता?"

"आता काय?"

"धक्का गेला?"

"नाय." त्यानं सरळ सांगितलं. "खोटं कशाला बोलू? तीन दिवस झाले, अजून डोकं ठिकाणावर नाय. मला ह्यातलं कायच माहीत नाय, सुरभी. कोणी कधी सांगितलं नाय. पण सगळं इकडचं तिकडं झालं, आणि एक गोष्ट होती तिथंच राहिली."

"कुठली?"

"तू मला आवडतेस."

कंडक्टर येऊन उभा होता. त्यानं पेणचं तिकीट फाडलं, दोघांकडे पाहिलं आणि पुढे गेला. अपमान झाला तर काय करायचं, कोणी हसलं तर कुठे बघायचं, कोणी पळालं तर कसं उभं राहायचं, हे सगळं तिला येत होतं. कोणी आवडतेस म्हणालं तर काय करायचं, ते शिकवायला आयुष्यात कोणी भेटलंच नव्हतं.

"लोकं हसतील," ती शेवटी म्हणाली. "तुला."

"हसतील. कंपनीत तर उभा जाळतील. मला भीती वाटते, नाय असं नाय."

"आणि काकू?"

हर्षदनं कान खाजवला. "काल सांगितलं आईला. ती म्हणाली, मी तिला कॉलेजात घेतेय, घरात घ्यायचं मला अजून पचायचंय, घाई करू नकोस. मग तासभर भांडी आपटली. मग बाहेर येऊन म्हणाली, आणि काय रे, बारावीला दोनदा गटांगळ्या खाल्ल्यास, ती पदवीधर झाल्यावर तुला विचारणार आहे का?"

सुरभी हसली. रडता रडताच हसली, आणि मग दोन्ही थांबेना. पुढच्या सीटवरचा माणूस वळून बघायला लागला. बघू दे, असं तिला पहिल्यांदाच वाटलं.

"मना पन तू आवडतोस," ती म्हणाली. म्हणून टाकलं आणि स्वतःच हादरली. "वाटी धरून बसलास तवापासून."

त्यानं मध्ये ठेवलेल्या तिच्या हाताच्या शेजारी आपला हात आणून ठेवला, एवढंच. करंगळीला करंगळी लागली. वडखळ येईपर्यंत दोघं तशीच बसून होती, आणि दोघंही समोर बघत होती.

"सुट्टी संपली की पहिला दिवस ना?" तो म्हणाला. "सकाळच्या येष्टीला रोह्याच्या स्टँडवर उभा राहीन. तिथनं फाटकापर्यंत सोडतो. कोणी काय बोलायला नको."

सुरभीनं पिशवीवर हात ठेवला. आत पावती होती. तिला ते फाटक दिसलं, पायऱ्या दिसल्या, वर्गात वळणाऱ्या माना दिसल्या. किती सोपं होतं, हो म्हणणं.

"नको," ती म्हणाली.

त्याचा चेहरा उतरला.

"पयल्या दिवशी मना एकटीला जायचंय, हर्षद. फाटकातून माझी मी आत जानार. तुझ्या मागून नाय, मामाच्या मागून नाय, काकूंच्या मागूनपन नाय. एवढं मना करू दे."

मग त्यानं मान डोलावली. पेणचं स्टँड आलं, माणसं उठली, पिशव्या निघाल्या. ती दारापाशी पोहोचली तरी तो जागेवरच होता. तिनं वळून पाहिलं.

"दुसऱ्या दिवशी ये," ती म्हणाली आणि उतरली.